तिच्या आवाजातले प्रश्न

बैठकीच्या खोलीचं दार ढकलायला तिनं हात पुढे केला आणि आतून तिला स्वतःचाच आवाज ऐकू आला. "हे पुसायला सोपं आहे का?" तो आवाज विचारत होता. मग जरा थांबून, अगदी तिच्याच सवयीनं नाकातून बारीक श्वास सोडून, "ढकलायला हलकं आहे का? आणि मोडलं तर दुरुस्त कोण करणार?" ती बाहेर बोळात उभी होती आणि आत बोलतही होती. क्षणभर तिला खरंच वाटलं, की आपण मघाशीच आत जाऊन बसलो आहोत आणि दाराशी ताटकळलेली ही बाई दुसरीच कुणीतरी आहे. धाकट्या साहेबांनी भेट ऐनवेळी रद्द केली म्हणून ती लवकर परतली होती, नाहीतर हे तिच्या कानांवर कधी पडलंही नसतं. दाराच्या दुधी काचेतून तिच्या खुर्चीत बसलेला एक ऐसपैस आकार दिसत होता. तो आखणीवाला होता. तिच्या विभागात वर्षानुवर्षं नकाशे आखणारा, देहानं गोलमटोल, कुणाचाही आवाज हुबेहूब काढणारा. कारखान्याच्या समारंभात तो रखवालदारापासून धाकट्या साहेबांपर्यंत कुणाला सोडत नसे आणि लोक पोट धरधरून हसत. तिचा आवाज मात्र त्यानं कधी काढला नव्हता, निदान तिच्यासमोर तरी. आणि आता आत कुणीच हसत नव्हतं. तेच तिला लागलं. हसले असते तर ती सरळ आत गेली असती, "चालू द्या, चालू द्या" म्हणाली असती, आखणीवाला लाजून लाल झाला असता आणि प्रकरण चहावर मिटलं असतं. पण ते लोक काम करत होते.

"मला वाटतं खुर्ची रोग्याच्या समोर नकोच," नवी सांगत होती. नवी म्हणजे विभागात सगळ्यांत शेवटी आलेली मुलगी. तिला येऊन वर्ष उलटून गेलं होतं, पण नंतर कुणी आलंच नाही, म्हणून ती नवीच राहिली होती. "म्हणजे कसं, माणूस शेजारी बसला पाहिजे. अगदी शेजारी, आणि रोगी बघतो त्याच दिशेला तोंड करून..." "पुसायला सोपी आहे का?" आखणीवाल्यातल्या तिनं विचारलं. "अहो, अजून खुर्चीच नाही, तर पुसणार काय?" यावर आखणीवाला स्वतःच्या आवाजावर आला, आणि तो आवाज चक्क मायाळू होता. "हे बघ बाळ, उद्या खऱ्या बैठकीत हेच होणार आहे. इथंच उत्तर सुचत नसेल, तर तिथं जाऊन कशाला तोंडघशी पडायचं? मी तुझ्या भल्यासाठीच सांगतोय." मग नवी म्हणाली, "बरं. राहू दे," आणि कागद चुरगळल्याचा आवाज आला.

ती दारापासून मागे सरली. चोरपावलांनी. स्वतःच्याच विभागात चोरपावलांनी चालताना आपण किती हास्यास्पद दिसत असू, हेही तिला कळत होतं. जिना उतरून ती तळमजल्यावरच्या नमुन्यांच्या खोलीत गेली, कारण तिथं कुणी येत नाही. कारखाना इस्पितळांचं सामान बनवायचा: पलंग, पडदे, औषधांची टेबलं. आजवर काढलेल्या प्रत्येक वस्तूचा एकेक नमुना त्या खोलीत धूळ खात उभा होता. रांगा बघत चालताना तिच्या लक्षात आलं, की दाराजवळ सगळं जुनं आहे, आत आत जावं तसं नवं, आणि मग एका जागी रांग संपून नुसती फरशी सुरू होते. त्या मोकळ्या फरशीबद्दल धाकटे साहेब मागच्या खेपेला बोललेच होते. म्हणजे फरशीचं नाव त्यांनी घेतलं नव्हतं. ते म्हणाले होते, "नवीन काही निघणारच नसेल मॅडम, तर वेगळा रचना विभाग कशाला पोसायचा? चित्रं बाहेरून विकत मिळतात." हंगामाच्या शेवटापर्यंत त्यांनी मुदत दिली होती. रोग्याजवळ बसणाऱ्या नातेवाइकासाठी एक खुर्ची, नुसती रंग बदललेली नव्हे, खरोखर नवी, तयार झाली तर विभाग राहील. नाहीतर आखणीवाला, नवी, दोन सुतार, गादीकाम बघणारी बाई, सगळे इकडे तिकडे पांगतील, आणि तिला बहुधा एखादी मानाची, बिनकामाची खोली मिळेल. हे ऐकून ती विभागात आली होती आणि सगळ्यांना म्हणाली होती, "मोकळेपणानं सुचवा. काहीही चालेल." सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. त्यानंतर तिच्यासमोर जे जे आलं ते पुसायला सोपं, ढकलायला हलकं आणि न मोडणारं होतं. शिवाय ते सगळं याच खोलीत आधीपासून उभंही होतं.

ते तीन प्रश्न काही तिनं हवेतून काढले नव्हते. इस्पितळात फडकं पोचलं नाही अशी एक फट राहिली तर त्या फटीतून काय काय होतं, हे तिला चांगलं माहीत होतं. प्रश्न चांगलेच होते, अजूनही चांगलेच आहेत, असं तिनं स्वतःशी ठासून म्हटलं, आणि मोठ्यानं म्हटलं असतं तर आखणीवाल्यासारखंच वाटलं असतं, हे जाणवून ती गप्प झाली. ती स्वतः नवी होती तेव्हा विभाग थोरल्या साहेबांच्या हाताखाली होता. थोरल्या साहेबांना कमी ऐकू यायचं. बैठक सुरू झाली की ते कानातलं यंत्र काढून टेबलावर ठेवायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "भांडून झालं की मला उठवा." आणि काय भांडायचे सगळे! ती एकदा टेबलावर चढून बोलली होती. गादीवाल्यानं सुताराला सुतारकाम शिकवलं होतं आणि सुतारानं त्याला ऐकवू नये ते ऐकवलं होतं. मग साहेब यंत्र कानात घालून विचारायचे, "हं, काय उरलं?" जे उरलं असेल त्याला ते हेच प्रश्न विचारायचे, कदाचित हिच्यापेक्षाही कडक. त्या काळातलं तिचं चाकाचं टेबल अजून इस्पितळातून फिरतं आहे. साहेब गेले तेव्हा त्यांचे प्रश्न तिनं वारशासारखे घेतले होते आणि त्यांचा तिला अभिमान होता. बहिरेपण मात्र तिनं घेतलं नव्हतं. तिचे कान फार तिखट होते. वाक्य अर्धं बाहेर आलं की तिला ते पुरं कळायचं, त्यातली खोट कळायची, आणि कळलेलं बोलून टाकल्याशिवाय तिला चैन पडायचं नाही. यालाच ती आजवर हुशारी समजत आली होती.

रांगेतल्या शेवटच्या खुर्चीवर ती बसली. ही खुर्ची तिनंच मंजूर केली होती. गुळगुळीत, पांढरी, एका हातानं उचलावी अशी. मागच्या हिवाळ्यात आई इस्पितळात होती तेव्हा तिथं पलंगाजवळ नेमकी हीच खुर्ची होती, आणि पहिल्या संध्याकाळी तिला केवढा आनंद झाला होता. परिचारिकेला तिनं सांगितलंही होतं, ही आमचीच. पुढचे दिवस तिनं त्या खुर्चीत काढले. गुडघे पलंगाच्या दांडीला टेकायचे. आईचा हात धरायचा तर पुढे वाकावं लागायचं आणि थोड्याच वेळात कंबर बोलायला लागायची, म्हणून ती हात सोडायची. कुणी तपासायला आलं की खुर्ची भिंतीकडे ढकलली जायची. खरंच फार हलकी होती. मग ती भिंतीशी बसून दुरून आईच्या तोंडाकडे बघत राहायची आणि आई छताकडे. दोघी काय बोलल्या त्या दिवसांत? औषध घेतलंस का. ऊन आलंय का डोळ्यांवर. सगळ्या जन्माचं बोलायला वेळ होता आणि दोघींच्या तोंडून ऊन आणि औषध. त्या वेळी तिला वाटलं होतं, आजारपणात असंच होत असेल. आज त्या धुळीच्या खोलीत, त्याच खुर्चीत, तिला पहिल्यांदा शंका आली, की खुर्ची दुसरी असती तर? आणि लगेच मनातल्या आखणीवाल्यानं विचारलं, पुसायला सोपी? तिला रडू येईल असं वाटलं, आणि आलं मात्र हसू.

संध्याकाळी घरी आली तेव्हा आई ओट्याशी उभी राहून भाजी चिरत होती, आणि तिला उभं राहायला डॉक्टरांनी मनाई केली होती. "बस म्हटलं ना आई." "बसते गं. तू आलीस म्हणून पकडली गेले, नाहीतर कधीच बसले असते." आई हल्ली बरी होत चालली होती, आणि बरं होण्याचं पहिलं लक्षण म्हणजे ती खोटं बोलायला लागली होती. तिनं सुरी आपल्या हातात घेतली आणि दोघी ओट्याशी उभ्याच राहिल्या, खांद्याला खांदा लावून, समोरच्या खिडकीकडे तोंड करून. मग तिनं एकदम विचारलं, "इस्पितळात तू माझ्याशी बोलायची नाहीस. का गं?" खिडकीतून समोरच्या इमारतीत कुणीतरी दोरीवरचे कपडे ओढून घेत होतं, ते आई बघत राहिली. "तू समोर बसायचीस ना," आई म्हणाली. "मला वाटायचं, परीक्षेला बसवलंय. तोंड वाकडं केलं की तुझं तोंड उतरायचं. मग मी छताकडे बघायची. काय सांगायचं ते माझ्या मनात पुष्कळ होतं, पण बघणाऱ्या माणसाला कसं सांगायचं?" आणि मग, तशीच खिडकीकडे बघत, कपडे ओढणाऱ्या त्या अनोळखी बाईला सांगावं तसं आई सांगू लागली: तिला मरायची भीती वाटली नव्हती, राग आला होता, बाबांच्या माघारी इतकी वर्षं हिमतीनं काढली आणि आता हे, म्हणून राग, आणि त्या रागात तिला सारखी आठवण येत होती ती लेकीच्या जन्माच्या वेळची, कारण तेव्हाही असंच छत होतं. ती ऐकत राहिली. सुरी हातात तशीच. तिनं मान वळवली नाही, कारण तिला कळलं होतं की मान वळवली तर आई थांबेल.

दुसऱ्या दिवशी बैठकीच्या खोलीत ती सगळ्यांच्या आधी येऊन बसली, पण स्वतःच्या खुर्चीत नाही, टेबलाच्या शेवटच्या टोकाला, खिडकीतला वारा जिथं थेट मानेवर येतो तिथं. ती नेहमी नवीची जागा असायची. लोक आले, घुटमळले, उभेच राहिले. "तुम्ही तिकडे बसा," ती आखणीवाल्याला म्हणाली आणि आपल्या खुर्चीकडे बोट दाखवलं. "काल बसला होतात तसं. मी दाराशी होते." आखणीवाल्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. ओठांवरचं सगळं हसू उतरून मिशीत लपलं. "मॅडम, शपथेवर सांगतो, टिंगल नव्हती हो ती." "ते मला कळलं. टिंगल असती तर बरं झालं असतं. बसा आता, आणि मी व्हा. मला काहीतरी दाखवायचं आहे." तो बसला, पण अंग चोरून, अर्ध्याच खुर्चीवर. तिनं कागद पुढे सरकवला. रात्री जेवणानंतर काढलेलं ते चित्र तिला तेव्हा बरं वाटलं होतं, आणि इथल्या उजेडात ते एखाद्या पोरानं काढलेल्या गाढवासारखं दिसत होतं. पलंगालगत आडवं पसरता येईल असं एक बाक. "रोग्याच्या शेजारी बसता येईल, वाटलं तर पाय पसरता येतील," तिनं सुरुवात केली, आणि तिला स्वतःचा आवाज बारीक झाल्यासारखा वाटला. आखणीवाल्यानं चष्मा काढला. तिचाच हावभाव: काढलेला चष्मा चित्रावरच ठेवायचा, नाकाचा शेंडा चिमटीत धरायचा, आणि मग ती जीवघेणी शांतता. आपण हे करतो? असं दिसतं हे? "पुसायला सोपं आहे का?" उत्तर तिच्याजवळ होतं, असले शेकडो बाक तिनं पुसून घेतले होते, पण ते उत्तर आता कुठं गेलं? "ढकलायला हलकं..." तो पुढे म्हणाला, आणि तिनं स्वतःलाच बोलताना ऐकलं, "जाऊ द्या. राहू दे. तसं काही फार विचार करून नव्हतं काढलं." कागद तिनं चुरगळलाही होता. सगळ्यांनी तो चुरगळलेला बघितला.

"अहो, जाऊ का द्या?" नवी एकदम म्हणाली. मोठ्यानं निघालं ते, आणि तिचं तिलाच आश्चर्य वाटलं असावं, पण आता मागे फिरायची सोय नव्हती. "म्हणजे, चूक आहे ते, बाक फार लांब आहे, परिचारिका येणार कुठून? पण शेजारी बसायचं बरोबर आहे. मीही तेच म्हणत होते, तर यांनी," इथं आखणीवाल्याकडे हात, "मला कालच मारून टाकलं." "मी नाही, मॅडमनी!" आखणीवाला ओरडला, आणि कोण मॅडम, कुठल्या मॅडम, हे त्याचं त्यालाच उमजेना. तेव्हा गादीकाम बघणारी बाई पदर तोंडाशी नेऊन हसायला लागली आणि मग कुणालाच आवरेना. खऱ्या मॅडमच्या तर डोळ्यांतून पाणीच आलं. हसू ओसरल्यावर ती म्हणाली, "माझे प्रश्न मी सोडणार नाही. ते विचारावेच लागतील. पण वस्तू उभी राहीपर्यंत ते मी कुणाला विचारणार नाही, आणि माझ्या आवाजातही कुणी विचारायचे नाहीत. आता बोला. मी ऐकते." ऐकणं हे एवढं अंगमेहनतीचं काम असेल असं तिला वाटलं नव्हतं. पहिलाच सुतार बोलायला लागला आणि तिला त्याची खोट दिसली, जिभेवर आली, दातांमागे अडून बसली. तिनं टेबलाखाली आपली दोन्ही मनगटं घट्ट धरली. खोट होती, पण सुतार पुढे बोलत गेला आणि बोलता बोलता त्याला स्वतःलाच ती सापडली, आणि ती चुकवायला त्यानं जी वाट काढली ती हिला जन्मात सुचली नसती. त्याचं तिला थोडं वाईटही वाटलं. इतकी वर्षं या वाटा कुठं जात होत्या?

पुढचे आठवडे विभागात नुसती धामधूम होती. नवीची खुर्ची पलंगालाच लागलेली होती: पलंगाच्या कडेच्या दांडीतून बाहेर येणारी बैठक, रोग्याच्या खांद्याशी खांदा येईल अशी, तोंड तो बघतो त्याच दिशेला, आणि कुणी तपासायला आलं की पायथ्याकडे सरकवून ठेवता येणारी. पहिली लाकडी चौकट वाकली, दुसरी अडकली. तिसरीत आखणीवाल्याची विजार फाटली, आणि त्यानं धाकट्या साहेबांच्या आवाजात स्वतःलाच नोटीस दिली. ती रोज घरी जायची ती धास्तावून, आणि सकाळी यायची ती लवकर. आईला सांगायची, जमणार नाही बहुतेक. आई म्हणायची, "मग तोंड एवढं खुललंय कशानं?"

धाकटे साहेब आले तेव्हा चौकट जेमतेम उभी होती. त्यांनी बूट काढले आणि रोग्यासारखे पलंगावर आडवे झाले, कारण तेही थोरल्या साहेबांचेच चिरंजीव. आखणीवाला शेजारच्या बैठकीवर बसला. दोघं समोरच्या भिंतीकडे बघत राहिले आणि थोड्या वेळानं धाकटे साहेब, कुणी विचारलं नसताना, म्हणाले, "माझा मुलगा माझ्याशी बोलत नाही हल्ली." आखणीवाला म्हणाला, "वय असतं साहेब." आणि हे चाललेलं असतानाच तो जरा सैलावून मागे रेलला, आणि पलंगानं त्याच्या बाजूला अंग टाकलं. साहेब घरंगळत त्याच्या मांडीवर आले. सगळे धावले. साहेब उठले, सदरा सारखा केला, चेहरा पडेलच म्हणावा असा. "हे विकायचंय आपल्याला?"

ती घाईनं पुढे झाली. या क्षणाची ती मनात तयारी करूनच होती. "बैठक पलंगापासून सुटी करू. तिला स्वतःचे चार पाय देऊ. मग पलंगावर भार येणार नाही." साहेबांची मान हलायला लागली होती. विभाग वाचत होता, तिला तो वाचताना दिसत होता. "नाही," नवी म्हणाली. "मॅडम, हे चुकतंय. सुटी केली की ती पहिल्याच दिवशी भिंतीला जाईल, आणि माणूस तिच्यामागोमाग. मग आपण केलं काय? पाय द्यायचा, पण पलंगाला. बैठक बाहेर आली की खाली उतरणारा." साहेब नवीकडे नाही, तिच्याकडे बघू लागले. प्रमुख काय म्हणते याची वाट बघत. तिला ते टोचलं, आणि टोचलेल्या जागीच, विचित्र वाटेल पण खरं, तिला आनंद झाला, मोठा, लहान मुलासारखा. इतक्या वर्षांत तिला कुणी नाही म्हटलं नव्हतं. "मला अजूनही माझंच बरोबर वाटतंय," ती साहेबांना म्हणाली. "पण आपण ती म्हणते तसं करू."

"तुम्हाला पटत नाही आणि तरी करायचं?"

"खुर्ची तिची आहे. तिला जे दिसतंय ते मला अजून दिसत नाही, एवढंच."

"आणि फसलं तर?"

"तर तुम्ही मला बोलवा. तिला नाही."

साहेब खाली बसून बूट घालता घालता, नाडीकडे बघत, म्हणाले, "पाय लावा तर. पुढच्या महिन्यात मी परत झोपायला येतो. तोवर विभागाचं मी काही काढत नाही." आणि ते गेले. ते गेल्यावर सगळे एकदमच बोलायला लागले, सुतार म्हणाला पाय आतून, दुसरा म्हणाला बाहेरून, गादीवाल्या बाईनं दोघांनाही वेड्यात काढलं, आणि आखणीवाला फरशीवर पालथा पडून पलंगाच्या पोटाखाली शिरला. ती बाजूला उभी होती. आपण काहीतरी बोलायला हवं, शाबासकी द्यावी, असं तिला वाटलं, पण कुणी तिच्या तोंडाकडे बघतच नव्हतं. नवी गुडघ्यांवर बसून मोजायची फीत ओढत होती आणि ती सारखी निसटून परत आत जात होती. "मॅडम," ती वर न बघताच म्हणाली, "जरा ते टोक धरा ना. नाही, तिथं नाही, खाली. अजून खाली."

ती खाली बसली आणि तिनं टोक धरलं.